चोवीस, बावीस की एकवीस?

मंडळी, आज आधी एक छोटं गणित. क ची किंमत ५ आहे. सी नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ‘++क’ असं लिहिलं की क मध्ये एक मिळवायचा आणि मिळवून जी किंमत होईल ती वापरायची. तर ‘++क + ++क + ++क’ याचं उत्तर किती?

शाळेत शिकवल्याप्रमाणे डावीकडून निघालात तर ६ अधिक ७ अधिक ८, म्हणजे २१. माझी नात नगरला (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण एसटीत तिकीट काढताना तोंडात नगरच येतं) कॉम्प्युटर सायन्स शिकते. तिच्या कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत हा प्रश्न दोन मार्कांना होता. तिनं लिहिलं २२. उत्तरसूचीत होतं २४. ती विचारायला गेली तर उत्तर मिळालं, “लॅबमध्ये चालवून बघ, चोवीसच येतं.” तिनं बघितलं. खरंच चोवीस आलं. घरी लॅपटॉपवर मात्र बावीस. आणि पुण्याच्या पुतण्याला फोन करून त्याच्या मॅकवर करायला सांगितलं तर एकवीस!

मी पस्तीस वर्षं हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवला. कॉम्प्युटरशी माझी ओळख निवृत्तीनंतर एमएस-सीआयटीच्या वर्गात बसले तेव्हापासूनची, तीही टायपिंग आणि ईमेलपुरती. पण पेपर तपासण्यात हयात गेली. त्यामुळे एका प्रश्नाची तीन उत्तरं समोर आली आणि तिन्ही ‘यंत्रानंच दिलेली’ आहेत म्हटल्यावर मला काही चैन पडेना. नातीला म्हटलं, तू मला हे नीट समजावून सांग. गेले दोन-तीन महिने सुट्टीला आली की ती सांगते, मी वहीत लिहून घेते. त्या वहीतून हा लेख झाला.

आधी नातेवाईक मंडळींसाठी एक खुलासा. कंपायलर म्हणजे दुभाषी. आपण सी, पास्कल, फोरट्रान, कोबोल अशा भाषेत लिहायचं आणि त्यानं ते यंत्राला कळेल अशा आकड्यांत उतरवायचं. भाषा एक असली तरी दुभाषे अनेक. कॉलेजच्या लॅबमध्ये होता टर्बो सी, नातीच्या लॅपटॉपवर जीसीसी, पुतण्याच्या मॅकवर क्लँग. तिघांना एकच वाक्य दिलं. टर्बोनं तिन्ही वेळा आधी एकेक मिळवून घेतला, क झाला ८, आणि मग ८ + ८ + ८ = २४. जीसीसीनं पहिले दोन वाढवून घेतले, ७ + ७ = १४ केले, मग तिसरा वाढवून त्यात ८ घातले, २२. क्लँग डावीकडून सरळ गेला, २१.

आता यातलं बरोबर कोणतं?

एकही नाही. किंवा तिन्ही. सीच्या नियमांत (१९८९ साली अमेरिकेत त्यांचं पहिलं प्रमाण ठरलं) असं आहे की एकाच विधानात एकच किंमत अशी दोनदा बदलायची नाही. बदललीत तर उत्तर काय येईल याची भाषा हमी देत नाही. याला ते लोक ‘अनडिफाइन्ड बिहेवियर’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर नियम इथे मूग गिळून गप्प आहे. आणि गंमत म्हणजे कंपायलरनं ही चूक दाखवलीच पाहिजे असंही बंधन नाही. जावा भाषेत मात्र डावीकडून उजवीकडे जायचं हे नियमातच लिहून टाकलंय, त्यामुळे तिथे २१ म्हणजे २१, कुठल्याही मशीनवर. सी करणाऱ्यांनी हा क्रम मुद्दाम मोकळा ठेवला, कारण वेगवेगळ्या यंत्रांवर कंपायलर लिहिणाऱ्यांना आपापल्या सोयीनं वेगवान काम करून घेता यावं. कर्निहन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या मूळ पुस्तकातसुद्धा असल्या क्रमावर विसंबून लिहू नका असं बजावलेलं आहे.

म्हणजे परीक्षेतला प्रश्न ‘सी भाषेत याचं उत्तर काय’ असा नव्हताच. तो होता ‘आमच्या लॅबमधल्या कंपायलरला काय सवय आहे’. आणि ती सवय पाठ असणाऱ्याला दोन मार्क.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हा प्रश्न चुकीचा होता. बोर्डाच्या पेपरात प्रश्न सदोष निघाला तर तो सोडवायचा प्रयत्न करणाऱ्याला गुण देतात, तसे इथे २१, २२, २४ लिहिणाऱ्या सगळ्यांना द्यायला हवे होते. आणि एखाद्या पोरानं ‘असं लिहू नये, उत्तर निश्चित सांगता येत नाही’ असं लिहिलं असतं तर त्याला पूर्ण गुण देऊन वर त्याची पाठ थोपटायला हवी होती. प्रत्यक्षात त्याला शून्य मिळालं असतं, हे मला जास्त लागतं.

बरं, कंपायलरांनी तरी सांगावं की नाही? इथे प्रत्येकाचा स्वभाव दिसतो. टर्बोच्या निळ्या पडद्यावर आम्हाला या ओळीबद्दल एक अक्षर दिसलं नाही. जीसीसीला सरळ चालवलं तर तोही गप्प. पण ‘-डब्ल्यूऑल’ हा पर्याय लावला की तो म्हणतो, या क वरची क्रिया अनिश्चित असू शकते. (नाव ‘ऑल’ असलं तरी सगळे इशारे त्यात येत नाहीत, हेही नातीनंच सांगितलं.) क्लँगनं मात्र न विचारता आपण होऊन बजावलं. पुतण्या म्हणाला, “काकू, पिवळी ओळ आली होती, पण आपण कुठे वाचतो!”

चुकीला कंपायलर कसा सामोरा जातो याला मोठा इतिहास आहे. तो ऐकताना मला सारखे आमच्या स्टाफरूममधले परीक्षक आठवत होते.

सगळ्यात जुनी फोरट्रान, १९५७ सालची. तिच्यात नाव आधी जाहीर करावं लागत नसे. जे नाव दिसेल ते खरं मानायचं. त्यातही आय ते एन या अक्षरांनी सुरू होत असेल तर पूर्णांक आणि नसेल तर दशांशाची संख्या. म्हणजे तुम्ही एका जागी ‘शिवनेरी’ लिहिलंत आणि खाली हात चुकून ‘शिवणेरी’ झालं, तर फोरट्रान तुमची चूक काढणार नाही. ती समजणार, अरे वा, आणखी एक किल्ला दिसतोय! आणि त्या नसलेल्या किल्ल्याची जी काही किंमत मेमरीत पडलेली असेल ती घेऊन पुढचं गणित करणार. शिवाय जुन्या फोरट्रानमध्ये शब्दांमधल्या मोकळ्या जागेला अर्थ नव्हता. त्यामुळे एका ठिकाणी स्वल्पविरामाऐवजी टिंब पडलं की ‘हे काम अमुक वेळा कर’ या आज्ञेचं ‘या नावाच्या डब्यात १.१० ही संख्या ठेव’ असं वाक्य होई, आणि तेही व्याकरणशुद्ध! नासाच्या मर्क्युरी मोहिमेच्या काळात अशी एक चूक खरोखर सापडली होती, सुदैवानं नुकसान होण्याआधी. (ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी २२ जुलै १९६२ ला नष्ट करावं लागलेल्या मरिनर-१ यानाच्या नावावर खपवतात. ती वेगळी. तिथे मार्गदर्शनाची समीकरणं उतरवताना एका चिन्हावरची आडवी रेघ राहिली होती.)

पास्कल भाषा याच्या अगदी उलट. नाव आधी सांगितलेलं नसेल तर ती पुढे जाऊच देत नाही. फोरट्रानमध्येही पुढे अशी सक्ती करून घ्यायची सोय झाली, ती १९९० च्या प्रमाणात अधिकृतपणे आली.

हे ऐकताना मला आमच्याच जिल्ह्यातलं नेवासं आठवलं. ज्ञानेश्वरी तिथे सांगितली गेली, शके १२१२, म्हणजे १२९०. नंतर तीनशे वर्षं ती हातानं उतरवली गेली. एखादा शब्द लेखनिकाला अनोळखी वाटला की तो आपल्या ओळखीचा शब्द घालून मोकळा. वाचणाऱ्याला पत्ताच नाही. म्हणून तर शके १५०६ मध्ये एकनाथांना पैठणला बसून पोथी शुद्ध करावी लागली, आणि यापुढे कुणी आपल्या ओव्या त्यात घालू नयेत असं बजावावं लागलं. लेखनिकाचा हेतू वाईट नव्हता. पण त्यानं गप्प राहून चूक ‘सांभाळून घेतली’ आणि शोधायला पुढच्या पिढ्यांना कामाला लावलं.

सांभाळून घेणारे कंपायलरही झाले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पीएल/सी नावाचा कंपायलर विद्यार्थ्यांसाठी केला होता. तुम्ही काहीही चूक करा, तो ती आपल्या मतीनं दुरुस्त करणार आणि प्रोग्रॅम चालवून दाखवणारच. पण लेखनिकात आणि त्याच्यात एक फरक होता. आपण काय बदललं ते तो छापून देत असे. मला हे पटतं. मुलाच्या वहीत ‘तुला बहुधा असं म्हणायचं होतं’ असं लाल शाईनं लिहावं, त्याच्याच अक्षरात गुपचूप लिहू नये.

एवढी यातायात का करायची? कारण तेव्हा एकेका फेरीला मोल होतं. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. देशभरातल्या संस्थांमधली माणसं तो वापरायची. प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांवर लिहायचा, गठ्ठा द्यायचा आणि आपली पाळी येईपर्यंत वाट पाहायची. हातात छापील कागद यायचा आणि त्यावर एक स्वल्पविराम चुकला म्हणून काम झालंच नाही असं असायचं. पुन्हा कार्ड, पुन्हा रांग. अशा दिवसांत एका फेरीत जितक्या चुका दाखवेल तितका कंपायलर चांगला. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठानं १९६५ मध्ये वॉटफोर नावाचा फोरट्रानचा कंपायलर केला तो याच गरजेतून, विद्यार्थ्यांचे ढीगभर प्रोग्रॅम भराभर तपासायला आणि चुका त्यांना कळतील अशा सांगायला.

आणि १९८३ मध्ये टर्बो पास्कल आलं ते नेमकं उलटं वागायचं. पहिली चूक दिसली की थांबायचं आणि कर्सर नेऊन त्या जागेवर ठेवायचं. बस्स. घरच्या संगणकावर काही सेकंदांत पुन्हा चालवता येत असल्यावर चुकांची लांबलचक यादी हवी कुणाला? मला स्वतःला ही पद्धत शिकणाऱ्यासाठी उत्तम वाटते. वर्गात एका मुलाच्या निबंधातल्या चाळीस चुका एका दमात सांगितल्या तर तो लिहायचंच सोडतो.

यादीचा आणखी एक घोटाळा आहे. पुतण्यानं १९९८-९९ मध्ये वायटूके साठी कोबोलचे जुने प्रोग्रॅम दुरुस्त केले. तो सांगतो, एक पूर्णविराम विसरला की खाली चुकांची रांगच्या रांग लागायची, आणि त्यातली खरी एकच. त्याहून वाईट म्हणजे पूर्णविराम भलत्या जागी पडला तर. जुन्या कोबोलमध्ये ‘जर अमुक असेल तर’ या वाक्याची हद्द पूर्णविरामानं ठरायची. तो मध्येच पडला की पुढची ओळ अटीबाहेर जायची आणि कंपायलरला त्यात काहीच वावगं दिसायचं नाही. १९८५ च्या प्रमाणात ‘जर’ संपल्याची स्वतंत्र खूण आली तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला.

आता पुन्हा आपल्या टर्बो सीकडे. टर्बो सी आणि जीसीसी दोघंही १९८७ चे, एका वयाचे. पण जीसीसी वाढत राहिला आणि टर्बो १९९० च्या आसपास थांबला. सी++ चं पहिलं प्रमाण १९९८ मध्ये आलं, म्हणजे नातीच्या लॅबमधलं टर्बो सी++ त्याच्याही आधीचं. आताच्या विंडोजवर ते आपोआप चालतही नाही. डॉसबॉक्स नावाच्या पेटीत घालून चालवावं लागतं. महाराष्ट्रातल्या एका पिढीनं चपला बाहेर काढून त्या थंडगार खोलीत जाऊन, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ मांडीवर घेऊन, याच निळ्या पडद्यावर प्रोग्रॅमिंग शिकलं. टर्बोचे उपकार आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या सवयी भाषेचे नियम म्हणून मुलांच्या डोक्यात बसल्या. ‘व्हॉइड मेन’ घ्या. मुलं तसं का लिहितात? तसं न लिहिता ‘रिटर्न’ विसरलं की टर्बो ‘फंक्शननं किंमत परत द्यायला हवी’ अशी कुरकुर करतो. ती बंद करायला! सीच्या प्रमाणात मेन ‘इंट’च असतो. पुढे पुण्याला मुलाखतीत पोरगं ‘व्हॉइड मेन’ लिहितं आणि समोरचा मनातल्या मनात शिक्का मारतो. पोराची चूक काय?

आणखी एक चमत्कार. वर्गमुळासाठी मॅथ नावाची फाइल वर जोडायची असते. ती विसरली आणि प्रोग्रॅम ‘सीपीपी’ शेपटीनं ठेवला असेल तर टर्बो चूक दाखवून थांबतो. तोच प्रोग्रॅम नुसत्या ‘सी’ शेपटीनं ठेवला तर तोच टर्बो फक्त इशारा देतो, प्रोग्रॅम चालवतो आणि वर्गमूळ म्हणून काहीतरी कचरा दाखवतो. कारण जुन्या सीमध्ये न सांगितलेलं फंक्शन चालायचं; ते पूर्णांक देतं असं गृहीत धरायचे. ही मुभा १९९९ च्या प्रमाणात काढून टाकली. तरी जीसीसी जुन्या प्रोग्रॅमांची गैरसोय नको म्हणून पंचवीस वर्षं नुसता इशाराच देत राहिला. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून मात्र ती सरळ चूक धरली जाते.

पण नवं ते सगळं चांगलं असंही नाही बरं का. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम सगळीकडे देतात. टर्बोमध्ये साधा पूर्णांक दोन बाइटांचा, ३२७६७ पर्यंतच मावतो. ७ चं फॅक्टोरियल ५०४० बरोबर येतं, ८ चं यायला हवं ४०३२०, येतं उणे २५२१६. जीसीसीमध्ये पूर्णांक चार बाइटांचा, त्यामुळे १२ पर्यंत ठीक. १३ ला उत्तर येतं १९३२०५३५०४, आणि खरं आहे ६२२७०२०८००. दोघंही चुकले आणि दोघंही गप्प. पण टर्बोचं उणे उत्तर बघून पोरगं दचकतं तरी! जीसीसीचं उत्तर कसं छान भारदस्त दिसतं, ते तसंच जर्नलमध्ये उतरवलं जातं. (जीसीसीला ‘सॅनिटायझर’ लावला तर तो प्रोग्रॅम चालता चालता हे पकडतो. पण तो लावायचा असतो हे कुणी सांगायला हवं.)

याच ३२७६७ या मर्यादेनं ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन-५ रॉकेट पाडलं. तिथली भाषा होती एडा, मोठी काटेकोर. संख्या मावत नाही हे तिनं ओरडून सांगितलंही. पण त्या ओरडण्याचं काय करायचं हे त्या जागी कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली, तिच्या जोडीची राखीवही त्याच कारणानं, आणि सुमारे चाळीस सेकंदांत सगळं संपलं.

म्हणून मी नातीच्या मागे लागले आहे की आलेला संदेश वाचायचा. पुसून टाकायचा नाही, घाबरायचं नाही. आमच्या मराठी माध्यमातल्या मुलांची खरी अडचण इथे आहे. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी तांबडं दिसलं की त्यांना वाटतं आपण नापास झालो. ‘एलव्हॅल्यू रिक्वायर्ड’ म्हणजे काय हे ना शब्दकोशात मिळतं ना गाइडमध्ये. अहो, सोपं आहे: बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे किंमत ठेवायला डबा हवा, तुम्ही तिथे गणित लिहिलंय. ‘पॉसिबली इनकरेक्ट असाइनमेंट’ म्हणजे तुम्हाला ‘सारखे आहेत का?’ असं विचारायचं होतं, पण तुम्ही एकच बरोबर लिहून ‘सारखे कर’ असा हुकूम सोडलात. आणि ‘स्टेटमेंट मिसिंग’ची चूक बहुतेक वेळा खालच्या ओळीवर दिसते, पण राहिलेला अर्धविराम असतो वरच्या ओळीच्या शेवटी. कारण वाक्य संपायचं राहिलंय हे वाचणाऱ्याला पुढचं वाक्य सुरू झाल्यावरच कळतं. मराठीचं वाचन घेताना आपल्यालाही तसंच कळतं की.

तुमच्यापैकी जे कॉलेजात शिकवतात त्यांना एवढंच सांगणं आहे. हे ‘++क’ वालं कोडं पेपरात घालायचंच असेल तर ‘आउटपुट काय’ असं विचारू नका. ‘या ओळीत काय खटकतं, आणि ती दोन-तीन ओळींत नीट कशी लिहाल’ असं विचारा. दोनाऐवजी चार मार्क ठेवा. आणि लॅबमध्ये जीसीसी फुकट मिळतो, तो बसवून ‘-डब्ल्यूऑल’ पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

माझ्या वहीत आतापर्यंत असे एकतीस संदेश मराठीत उतरवून झालेत. तुमच्या घरातल्या मुलांना अडलेला एखादा असेल तर मला कळवा, नातीला विचारून त्यात घालते.